बाळाच्या नाकावर मधोमध छिद्र किंवा गाठ: एमआरआय आणि सीटी कसं करावं, कसं वाचावं

नाकाच्या दांडीवर, अगदी मधल्या रेषेत, खसखशीच्या दाण्याएवढं छिद्र. घरचे त्याला तीळ समजतात, नाहीतर पुटकुळी फुटल्याची खूण. चांगल्या उजेडात भिंग लावून पाहिलं तर कधीकधी त्यातून एकच बारीक केस बाहेर आलेला दिसतो. तो केस दिसला की निदान जवळजवळ पक्कं झालं: ही नाकाची डरमॉइड सायनस, म्हणजे जन्मतःच राहून गेलेली त्वचेची नळी. केस नसेल तर दाबल्यावर पनीरासारखा पांढरा चुरा येतो, किंवा नुसतीच एक टणक गाठ हाताला लागते.

निदान सोपं आहे. खरा प्रश्न पुढचा आहे: ही नळी त्वचेखाली संपते, की नाकाच्या हाडामागून वर चढत कवटीच्या आत जाते? सोनोग्राफी, एमआरआय, सीटी, सगळा खटाटोप या एका प्रश्नासाठी असतो. उत्तर मिळेपर्यंत त्या छिद्रात सळई घालू नये, रंग किंवा कॉन्ट्रास्ट (चित्रात उठून दिसणारं औषध) सोडून फोटो काढू नये, गाठीत सुई घालू नये, तुकडा तपासायला काढू नये. गाठ मेंदूशी जोडलेली निघाली तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळायला लागतं आणि मेनिंजायटिसला (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाला) वाट मिळते. नाकावरच्या मधल्या रेषेतल्या प्रत्येक गाठीला हा नियम लागू आहे, मग ती कितीही निरुपद्रवी दिसो. पिकलेल्या छिद्राला गळू समजून चीर देणं ही त्यातली सगळ्यात नेहमीची चूक. अशा वेळी अँटिबायोटिक सुरू करावं, सूज उतरू द्यावी आणि आधी चित्र काढावं. ताण आलेला पू काढावाच लागला, तर तो निर्णय कान-नाक-घसा सर्जनने घ्यावा.

ही वाट मुळात येते कुठून

हे समजलं नाही तर चित्र वाचता येत नाही, म्हणून थोडक्यात. गर्भात नाक घडत असताना मेंदूच्या जाड आवरणाचं एक बोट कवटीच्या तळाच्या पुढच्या भागातल्या फोरामेन सीकम या भोकातून खाली उतरतं. नाकाची हाडं पुढे आणि त्यामागचं कूर्चेचं आवरण मागे, या दोहोंमधल्या पोकळीतून ते नाकाच्या शेंड्याच्या त्वचेपर्यंत पोचतं. एरवी ते आक्रसून परत जातं आणि भोक बुजतं. परत जाताना त्वचेला चिकटून राहिलं तर त्वचा आत ओढली जाते: ती डरमॉइड. मेंदूच्या पेशी बाहेर अडकून मागचा रस्ता बुजला तर ग्लायोमा. रस्ता उघडाच राहून आवरण आणि पाणी, कधी मेंदूचा भागही, बाहेर आला तर एनसेफॅलोसील. तिन्हींचा रस्ता बहुतेक एकच, म्हणून तिन्हींचं चित्र काढायची पद्धतही एकच. या सगळ्या गाठी मिळून साधारण २०,००० ते ४०,००० जन्मांमागे एक सापडते, त्यात डरमॉइड सगळ्यात जास्त. सर्जनकडे वर्षानुवर्षं एकही येत नाही आणि मग अचानक समोर उभी राहते. चुका होतात त्या यामुळे.

यंत्राकडे नेण्याआधी हाताने आणि डोळ्यांनी

बाळ रडताना गाठीकडे पाहावं. रडण्याने डोक्यातला दाब वाढतो. गाठ फुगली, निळसर झाली, ठोके देऊ लागली किंवा बोटाने दाबल्यावर बसली, तर एनसेफॅलोसील. अंधाऱ्या खोलीत टॉर्च टेकवला की पाणी भरलेली गाठ उजळते. ग्लायोमा टणक असतो, दबत नाही, रडल्याने फुगत नाही, टॉर्चने उजळत नाही. दहापैकी साधारण सहा नाकाबाहेर, तीन नाकाच्या आत आणि एक दोन्हीकडे असतो. डरमॉइडही फुगत नाही. ती कपाळाच्या बेचक्यापासून नाकपुड्यांमधल्या खांबाच्या तळापर्यंत कुठेही उघडू शकते, आणि छिद्र खाली असलं म्हणून नळी आखूड असेलच असं नाही. उलट शेंड्यावरच्या छिद्राचीही नळी वर कवटीपर्यंत गेलेली असू शकते.

ग्लायोमावरची त्वचा कधी लालसर असते आणि तिला हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, समजलं जातं. घरच्यांना एवढंच विचारावं: जन्मल्या दिवशीच ही एवढी होती का? हिमँजिओमा जन्माच्या वेळी नसतो किंवा पुसटसा डाग असतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढतो. ग्लायोमा पहिल्या दिवसापासून असतो आणि बाळाबरोबर सावकाश वाढतो.

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली, बाजूला असलेली निळसर गाठ बहुधा अश्रुनलिकेची असते. तिची तपासणी निराळी. गाठ नाही पण नाक बंद आहे आणि बाळ दूध पिताना निळं पडतं, तर संशय नाकाच्या मागच्या किंवा पुढच्या तोंडाच्या अरुंदपणाचा. तिथे सीटी आधी. हा लेख त्याबद्दल नाही.

आधी काय, नंतर काय

सोनोग्राफी पाच मिनिटांत होते. १२ ते १८ मेगाहर्ट्झचा लहान लिनियर प्रोब, भरपूर जेलचा थर, दाब अजिबात नाही. गाठीत पाणी आहे, घट्ट पदार्थ आहे की रक्तप्रवाह आहे, एवढं ती सांगते. डॉपलरवर रक्तप्रवाह भरभरून दिसला तर हिमँजिओमाकडे काटा झुकतो. पण हाडामागे काय आहे, ते सोनोग्राफीला दिसत नाही. सोनोग्राफी नॉर्मल म्हणून आत काही नाही, असं रिपोर्टमध्ये कधीही लिहू नये.

मुख्य तपासणी एमआरआय. सीटी त्यानंतर, शस्त्रक्रिया ठरल्यावर, सर्जनला हाडाचा नकाशा लागतो म्हणून. एक वर्षाखालच्या बाळाचं फक्त सीटी करून कवटीत शिरकाव आहे की नाही हे ठरवणं धोक्याचं आहे. का, ते पुढे येतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सीटी हाताशी असतं, पण लहान बाळाचा एमआरआय करायला तयार भूलतज्ज्ञ नसतो. बाळाला ताप नाही, छिद्रातून पू किंवा पाणी नाही, श्वास मोकळा आहे, तर थांबायला वेळ आहे. घाईने सीटी उरकण्यापेक्षा चिठ्ठी देऊन मोठ्या शहरात पाठवावं.

बाळाची तयारी

तीन महिन्यांखालचं बाळ भुलीशिवाय होऊ शकतं. पद्धत अशी: आधी साधारण चार तास उपाशी ठेवायचं, झोपही थोडी पुढे ढकलायची. यंत्र रिकामं झालं, तंत्रज्ञ तयार आहे, याची खात्री झाली की स्कॅनच्या अर्धा तास आधी आईने अंगावर पाजायचं. ढेकर काढायची, मऊ दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, कानाला लहान मुलांचे मफ लावायचे आणि अंधाऱ्या, उबदार खोलीत झोपू द्यायचं. गाढ झोप लागली की उचलून थेट टेबलावर. या पद्धतीत झोपेचं औषध मिसळू नये, कारण पोट भरलेलं आहे. बाळ जागं झालं तर पुन्हा प्रयत्न करावा, पण भूल त्याच वेळी देता येत नाही. आईच्या दुधानंतर चार तास थांबावं लागतं.

भूल द्यायचीच असेल तर उपासाचे आकडे ठरलेले: साधं पाणी दोन तास, आईचं दूध चार तास, पावडरचं किंवा गाई-म्हशीचं दूध आणि घन आहार सहा तास. वेळ कागदावर लिहून द्यावी. आजी कौतुकाने दोन चमचे दूध पाजते आणि दिवस वाया जातो, हे टाळता येतं.

आता या आजारातला सगळ्यात महत्त्वाचा नियम: नाकातून काहीही आत घालायचं नाही. शांत करायला मिडॅझोलॅम किंवा डेक्समेडेटोमिडीन नाकातून देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. इथे ती नको. नाकातून फीडिंग ट्यूब नको, श्वासासाठी नाकातली नळी नको, नाकातून तापमानाचा प्रोब नको. आतली गाठ एनसेफॅलोसील असेल तर नळीचं टोक थेट मेंदूच्या आवरणाला लागतं. मागणीच्या कागदावर आणि बाळाच्या फाइलच्या पहिल्या पानावर हे लाल अक्षरात लिहावं, कारण भूल देणारा तंत्रज्ञाशी बोललेला असेलच याची खात्री नसते. नवजात बाळ श्वास मुख्यतः नाकानेच घेतं. आतल्या गाठीने नाक अडलेलं असेल तर थोड्या औषधानेही श्वास अडू शकतो. अशा बाळाला वॉर्डात झोपेचं सिरप पाजून खाली पाठवू नये.

मग अंगावरच्या वस्तू. काळा दोरा, ताईत, चांदीचे वाळे, कंबरेची साखळी, करदोट्यातलं लोखंडी किंवा तांब्याचं कडं, कानातली सोन्याची तार, दुपट्याची सेफ्टी पिन, झबल्याची प्रेसची बटणं: सगळं उतरवायचं. ताईत सोडायला घरच्यांचा जीव होत नाही. तो आजीच्या हातात द्यावा, दाराबाहेर तीच सांभाळेल, असं सांगितलं की विषय संपतो. काजळ आणि गालावरची तीट ओल्या कापसाने पूर्ण पुसायची. काजळात धातूचे कण असतील तर डोळ्याच्या कोपऱ्याशी काळा डाग पडून चित्र वाकतं, आणि नेमकी तीच जागा आपल्याला पाहायची असते.

एमआरआय: टेबलावर

१.५ टेस्ला (चुंबकाची ताकद) पुरेसा आहे. ३ टेस्लावर चित्र बारीक येतं, पण हवा आणि हाडाच्या सीमेवरची विकृतीही वाढते, आणि नाक म्हणजे हवा आणि हाडच. लहान मुलांचा हेड कॉइल (डोक्याभोवतीचा, सिग्नल पकडणारा साचा) असेल तर तो वापरावा. मोठ्यांच्या कॉइलमध्ये बाळाचं डोकं तळाशी जाऊन बसतं आणि नाक वरच्या भागापासून लांब राहतं. म्हणून डोक्याखाली फोम देऊन वर उचलावं. बाळाचं डोकं मागे मोठं असतं, त्यामुळे हनुवटी छातीला टेकते आणि श्वास घुसमटतो. खांद्याखाली पातळ टॉवेलची घडी दिली की मान सरळ राहते. दोन्ही बाजूंना फोम, कपाळावर हलकी पट्टी. पट्टी नाकाच्या मुळावर येऊ द्यायची नाही; गाठ दबली की आकार आणि जागा दोन्ही चुकतात.

छिद्राची जागा पडद्यावर ओळखायला व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल पेपर टेपने लावावी. बरोबर छिद्रावर नाही, शेजारी पाच-सहा मि.मी. बाजूला, म्हणजे कॅप्सूलची चमक नळीवर पडणार नाही.

क्रम महत्त्वाचा. बाळ केव्हा उठेल सांगता येत नाही, म्हणून ज्याशिवाय उत्तर मिळत नाही ते आधी घ्यावं:

१. सॅजिटल (बाजूने पाहिल्यासारखे उभे काप), जास्त टी-२ वजनाचं, म्हणजे पाणी उजळ दाखवणारं, ३डी सिक्वेन्स (सिस किंवा फिएस्टा, ही यंत्र बनवणाऱ्यांची नावं), ०.६ मि.मी. जाडी. पाणी पांढरं, नळी गडद रेघ. कवटीच्या तळातलं भोक आणि त्यातून जाणारा रस्ता इथेच दिसतो.

२. सॅजिटल टी-१ (चरबी उजळ दाखवणारं), फॅट न दाबता, म्हणजे चरबीची चमक न घालवता, २ मि.मी. जाडी, मधे अंतर नाही. फील्ड ऑफ व्ह्यू (चित्राची रुंदी) १२ सें.मी., मॅट्रिक्स (ठिपक्यांची संख्या) २५६ × २५६, म्हणजे पिक्सेल साधारण ०.४७ मि.मी.

३. कोरोनल (समोरून पाहिल्यासारखे उभे काप) डिफ्यूजन (पाण्याच्या कणांची हालचाल कुठे अडते ते दाखवणारं चित्र), ३ मि.मी., बी-व्हॅल्यू (त्या हालचालीला चित्र किती संवेदनशील ते) ० आणि ८०० ते १०००. नेहमीचं इको-प्लॅनर डिफ्यूजन नाकाच्या हवेपाशी ताणलं जातं. टर्बो स्पिन इको प्रकारचं, म्हणजे हेस्ट किंवा प्रोपेलर डिफ्यूजन घ्यावं.

४. कोरोनल टी-२, फॅट दाबून, २ मि.मी.

५. ॲक्सियल (आडवे काप) टी-१, एकदा फॅट न दाबता आणि एकदा दाबून, २ मि.मी.

६. शेवटी पूर्ण मेंदूचं एक ॲक्सियल टी-२. मेंदूतले इतर जन्मजात दोष सुटू नयेत म्हणून.

व्याप्ती नाकाच्या शेंड्याच्या पुढच्या त्वचेपासून क्रिस्टा गॅलीच्या (कवटीच्या तळातून मधोमध वर आलेल्या हाडाच्या कंगोऱ्याच्या) मागे दोन सें.मी.पर्यंत, खाली तोंडातली टाळू आणि वर कपाळाचा खालचा भाग. सगळं मिळून पाऊण तास टेबल धरून चालावं.

कॉन्ट्रास्ट प्रत्येकाला लागत नाही. संसर्ग झालेला असेल, हिमँजिओमाची शंका असेल, किंवा कवटीत गळू आहे का हे पाहायचं असेल तर द्यावं. डोस किलोला ०.१ मिलिमोल: गॅडोब्युट्रॉल किलोला ०.१ मि.लि., गॅडोटेरेट किलोला ०.२ मि.लि. चार किलोच्या बाळाला ही मात्रा अनुक्रमे ०.४ आणि ०.८ मि.लि. होते, म्हणून एक मि.लि.च्या सिरिंजमध्ये मोजावी. मोठ्या सिरिंजवर एवढी बारीक मात्रा नीट मोजता येत नाही. नाकाचं आतलं अस्तर कॉन्ट्रास्टने एरवीही झळाळतं, तो आजार नव्हे.

चित्र बिघडतं कुठे

डोळे फिरतात आणि त्यांची सावली फेज दिशेने (यंत्र चित्राच्या ओळी ज्या दिशेने एकेक भरतं, ती) पसरते. ॲक्सियल चित्रात फेज डावी-उजवी ठेवली तर ती सावली बरोबर नाकाच्या मुळावरून जाते. फेज पुढे-मागे ठेवावी. मग नाकाचा शेंडा चित्राबाहेर जाऊन मागच्या बाजूला उमटू नये म्हणून ओव्हरसॅम्पलिंग (चौकटीबाहेरचा भागही मोजणं) वाढवावं. कोरोनलमध्ये फेज वर-खाली. झोपेत बाळ चोखण्याची हालचाल करतं, तिची सावली मग खालून वर येते. तोंडावर सॅच्युरेशन बँड (त्या जागेचा सिग्नल दाबणारा पट्टा) ठेवावा, पण बँडची कड नाकाच्या शेंड्याला खात नाही ना, हे तिन्ही प्रतलांत पाहूनच स्कॅन सुरू करावं.

फॅट दाबणं नाकाच्या शेंड्यावर हमखास फसतं, कारण सभोवार हवा. शेंड्याची त्वचेखालची चरबी अर्धवट चमकत राहते आणि डरमॉइडसारखी भासते. अशा वेळी चरबी दाबायची दुसरी पद्धत, स्टर किंवा डिक्सन, घ्यावी. चरबी आणि पाण्याच्या सीमेवर फ्रीक्वेन्सी दिशेने (फेजच्या काटकोनात) एक पांढरी आणि एक काळी कड दिसते, ती केमिकल शिफ्ट. नळीची भिंत नव्हे. शंका आली तर बँडविड्थ (सिग्नल मोजायचा फ्रीक्वेन्सीचा पट्टा) वाढवून तोच कट परत घ्यावा. कड बारीक झाली की ती खोटी.

सीटी, आणि त्यातला सापळा

करायचं तेव्हा एकदाच करायचं. कॉन्ट्रास्ट नको, साधं आणि कॉन्ट्रास्ट असे दोन फेरे तर नकोतच. ८० ते १०० के.व्ही., करंट बाळाच्या आकाराला बेतलेला, हाडाच्या तपशिलापुरता कमी. जाडी ०.५ ते ०.६२५ मि.मी., रिकन्स्ट्रक्शन एकावर एक चढणारं, हाडाचा आणि मऊ भागाचा असे दोन्ही कर्नल (चित्र रेखीव किंवा मऊ करणारी गणिती गाळणी). तोंडातल्या टाळूपासून डोळ्यांच्या छतावर दोन सें.मी.पर्यंत पुरे, पूर्ण डोकं घेऊ नये. आधुनिक यंत्रावर हे एक-दोन सेकंदांत होतं, त्यामुळे गुंडाळलेल्या बाळाला बहुधा भूल लागत नाही. कोरोनल आणि सॅजिटल चित्रं नंतर संगणकावर काढायची.

आता सापळा. जन्माच्या वेळी कवटीच्या तळाचा पुढचा मधला भाग हाड नसतोच. तो बहुतांशी कूर्चा असतो. सीटीवर कूर्चा मऊ मांसासारखी करडी दिसते. तीन महिन्यांच्या अगदी निरोगी बाळाच्या कोरोनल चित्रात दोन डोळ्यांच्या मधे हाडाची रेघ तुटलेली दिसते आणि वरचा मेंदू थेट नाकात उतरल्यासारखा वाटतो. अननुभवी डोळा तिथे "हाडात दोष" लिहून मोकळा होतो. हाड बाजूकडून मधल्या रेषेकडे भरत येतं. पहिल्या वर्षात मोठी फट नॉर्मल असू शकते, दोन वर्षांपर्यंत बराचसा भाग भरतो, आणि लहानसहान फटी चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यापर्यंत राहू शकतात. म्हणून एक वर्षाखाली फक्त फट दिसली म्हणजे शिरकाव, असं म्हणता येत नाही. फटीत काय आहे हे एमआरआयच सांगतो.

उलट दिशेने मात्र सीटी भरवशाचं आहे. वयाच्या मानाने क्रिस्टा गॅली नीट बनलेली, तिला मधे चीर नाही, आणि फोरामेन सीकम लहान व अखंड कडेचं, तर कवटीत शिरकावाची शक्यता फार कमी. क्रिस्टा गॅली दुभंगलेली आणि भोक रुंद, तर शंका बळावते, पण पुरावा होत नाही. नुसता तंतूंचा दोरा गेलेला असतानाही भोक रुंद राहतं. भोकाच्या रुंदीच्या एखाद्या आकड्यावर निकाल देऊ नये, वयाने तो फार बदलतो.

खिडकीही (पडद्यावर करड्या छटांचा किती पल्ला दाखवायचा ते) बदलून पाहावी. मोठ्यांच्या हाडासाठीची ३००० रुंदीची खिडकी लावली तर बाळाचं पातळ, नुकतं भरू लागलेलं हाड पुसून जातं. रुंदी १५०० च्या आसपास आणून पुन्हा पाहिलं की "फटी"तल्या निम्म्या जागी हाडाचा पापुद्रा दिसायला लागतो.

चित्र वाचताना

त्वचेपासून सुरुवात करून नळीचा पाठलाग करावा, मेंदूकडून खाली येऊ नये. कॅप्सूलच्या शेजारचं छिद्र शोधावं आणि सॅजिटल चित्रात एकेक कट पुढे सरकत नळी कुठे जाते ते पाहावं: नाकाच्या हाडांच्या वरून, दोन हाडांच्या मधून, की मागून? मागून असेल तर नाकाच्या मधल्या पडद्याच्या वरच्या कडेशी ती फुगलेली आहे का? मग वर फोरामेन सीकम, मग क्रिस्टा गॅली, मग फाल्क्सच्या (मेंदूच्या दोन अर्ध्यांमधल्या आवरणाच्या पडद्याच्या) दोन पदरांमधली जागा. कवटीतला भाग बहुधा इथेच, जाड आवरणाच्या बाहेर असतो. नळी सलग दिसलीच पाहिजे असं नाही. मधे धाग्याएवढी बारीक होऊन वर पुन्हा गाठ असू शकते, म्हणून नाकात गाठ संपली की पाहणं थांबवू नये.

डरमॉइडचा रंग ठरलेला नाही. चरबी जास्त असेल तर टी-१ वर पांढरी, फॅट दाबल्यावर काळी. केराटिन जास्त असेल तर टी-१ वर करडी, पाण्यासारखी, आणि तेव्हा डिफ्यूजन उपयोगी पडतं: बी-१००० वर चमक आणि एडीसीवर (डिफ्यूजनवरून काढलेल्या नकाशावर) गडद. एनसेफॅलोसीलचं पाणी एडीसीवर उजळ राहतं.

इथे दुसरा सापळा. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या क्रिस्टा गॅलीत पिवळी मज्जा, म्हणजे चरबी, भरलेली असते. टी-१ वर ती नेमकी डरमॉइडच्या जागी पांढरी दिसते. फॅट दाबून सुटका होत नाही, दोन्ही काळे होतात. मग तीन गोष्टी पाहाव्या: डिफ्यूजनवर चमक आहे का (मज्जेला नसते), क्रिस्टा गॅली फुगलेली किंवा दुभंगलेली आहे का, आणि सीटीवर त्या चरबीभोवती अखंड हाडाचं कवच आहे का. कवच अखंड, आकार नॉर्मल, डिफ्यूजन शांत, तर ती मज्जाच. याउलट पहिल्या काही महिन्यांच्या बाळात त्या जागी टी-१ वर पांढरा ठिपका दिसला तर तो गंभीरपणे घ्यावा, कारण एवढ्या लहान वयात तिथे सहसा चरबी नसते.

ग्लायोमा टी-२ वर मेंदूच्या करड्या भागापेक्षा किंचित उजळ असतो आणि पाण्याशी जोडलेला नसतो. साधारण १५ टक्के ग्लायोमांना कवटीपर्यंत जाणारा तंतूंचा देठ असतो. तो ३डी टी-२ वर शोधावा.

रिपोर्टमध्ये सर्जनला काय हवं असतं

"मिडलाइन सिस्ट, सजेस्ट क्लिनिकल कोरिलेशन" या ओळीने त्यांचं काहीच भागत नाही. उदाहरणादाखल: "छिद्र नाकाच्या शेंड्यापासून ९ मि.मी. वर. नळी नाकाच्या हाडांच्या मागून वर जाते, मधल्या पडद्याच्या वरच्या कडेशी ७ × ५ मि.मी. गाठ, डिफ्यूजन अडलेलं. फोरामेन सीकम रुंद, त्यातून २ मि.मी. जाडीचा पट्टा वर जातो. क्रिस्टा गॅली दुभंगलेली. फाल्क्सच्या पदरांमधे ६ मि.मी. गाठ, जाड आवरणाबाहेर. मेंदूला सूज नाही, गळू नाही. मेंदूचा इतर भाग नॉर्मल." एवढ्यावर ठरतं की नाकावरून छोटी चीर पुरेल, की न्यूरोसर्जनला सोबत घेऊन कवटी उघडायची तयारी ठेवायची.

भोकातून वर गेलेला पट्टा नुसता तंतू आहे की त्यात त्वचेचा अंश आहे, हे एमआरआयला नेहमी सांगता येत नाही. तसं स्पष्ट लिहावं. सर्जन मग कवटीच्या तळाशी देठ कापून फ्रोझन सेक्शनला (शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून तपासायला) पाठवतो आणि त्यात त्वचेचा अंश निघाला तरच वर जातो. शस्त्रक्रियेच्या दिवशी रिपोर्टचा कागद पुरत नाही. सीडीवर मूळ पातळ कट डायकॉममध्ये (यंत्राच्या मूळ फाइल-स्वरूपात) द्यावेत, फिल्मवर छापलेले निवडक चौकोन नव्हे.

पालकांना सीडी देतानाच एवढं मराठीत लिहून द्यावं: छिद्र दाबायचं नाही, केस उपटायचा नाही, हळद-तेल किंवा कुठलाही लेप भरायचा नाही. छिद्र लाल होऊन सुजलं, नाकातून पाण्यासारखं पातळ गळू लागलं, किंवा ताप आणि उलटीबरोबर बाळ सुस्त झालं, डोक्यावरची टाळू फुगली, तर शस्त्रक्रियेची तारीख महिन्याने असली तरी त्याच दिवशी, सीडी घेऊन, मोठ्या रुग्णालयात जायचं.